गडवाटेचे ३० रुपये आणि कधीच न झालेला करार

डोंगरयात्री
परवाची एक पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. पोस्ट अशी: ‘गडाच्या पायथ्याशी गावातली पोरं बांबू आडवा टाकून माणशी ३० रुपये घेतात. ही सरळ खंडणी आहे. सह्याद्री कोणाच्या मालकीचा नाही. पैसे देऊ नका, वर चालू पडा.’ खाली शे-सव्वाशे लोकांनी माना डोलावल्या आहेत.

मालकीचा नाही कसा? एका रविवारच्या ट्रेकमध्ये आपण बहुतेक वेळा तीन मालकांच्या जमिनीवरून चालतो. पायथ्याची खाचरं शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर, मधलं रान वनखात्याचं, माथ्यावरचं बांधकाम केंद्राच्या नाहीतर राज्याच्या पुरातत्त्वचं. अभयारण्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २८ लागू होतं: पर्यटनासाठी आत जायचं तर परवानगी आणि शुल्क. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे, कालपरवा कोणी पाटी लावलेली नाही. गावाला जंगल राखण्यात सामील करून घ्यायचा राज्याचा संयुक्त वन व्यवस्थापनाचा निर्णयही १९९२ चा आहे.

३० चे ५० घ्या, मी देईन. पण त्यात काय येतं ते लिहून द्या. दोन वर्षांपूर्वी भाचीला घेऊन एका गडावर गेलो होतो, नाव टाकत नाही. कातळटप्प्यावर तिने रेलिंगला हात घातला आणि खांबच उपसून आला. बुडाचं सिमेंट भुगा झालेलं, एक बोल्ट गायब, दुसऱ्याच्या जागी निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली. मी लगेच मागे होतो म्हणून निभावलं. खाली येऊन पावती फाडणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला रेलिंग वनखात्याचं. वन कार्यालयात गेलो, ते म्हणाले आमच्या नोंदीत नाही, कुठल्यातरी निधीतून बसवलं असेल. पुरातत्त्ववाल्यांची हद्द म्हणे दरवाजापासून वर. चौथ्या दिवशी मी विचारणं सोडलं. मागच्या महिन्यात मित्राने तिथला फोटो पाठवला. दोरी आता पिवळी आहे, बाकी सगळं तसंच.

म्हणून म्हणतो, गर्दीच्या प्रत्येक वाटेसाठी वनखातं, ग्रामसभा आणि जमीनमालक यांच्यात लेखी करार हवा. वाट कुठून कुठवर, पावसाळ्याआधी तपासणार कोण, रेलिंग कोणाचं, पैसे कुठल्या खात्यात, हिशेब कधी वाचणार, दिवसाला किती माणसं सोडणार. आणि तो करार पायथ्याला फलकावर लावलेला हवा.

जुना भटक्या
१९८८ पासून फिरतोय. तेव्हा गावात पाटलाच्या ओसरीवर झोपायचो, सकाळी भाकरी बांधून घ्यायचो, वाटाड्याच्या हातात खुशीने काहीतरी ठेवायचो. कागद लागला नाही कधी. तुम्ही फलक म्हणता, मला फलकामागे ठेकेदार दिसतो. २०१८ मध्ये लाल किल्ल्याची देखभाल पाच वर्षांसाठी २५ कोटींच्या करारावर सिमेंटवाल्यांकडे गेली. २०१९ मध्ये आपल्याकडे २५ किल्ले हॉटेलांसाठी द्यायची बातमी आली, लोक पेटले तेव्हा ‘फक्त वर्ग २ चे’, म्हणजे संरक्षित नसलेले, असा खुलासा झाला. नळदुर्ग तर राज्याच्या स्मारक संगोपन योजनेत दहा वर्षांसाठी खासगी कंपनीकडे गेलाच. आज वाटेचा करार मागताय, उद्या वाटेवर फाटक येईल.

आणि आधी ते ऑइलपेंटचे बाण थांबवा! दर पाच पावलांवर पांढरा बाण, त्याखाली ग्रुपचं नाव. व्यवस्थापन म्हणजे हेच असेल तर नको मला.

पायथ्याचा
मी अकोले तालुक्यातला. वर ज्यांना ‘गावातली पोरं’ म्हटलंय त्यातलाच एक. खंडणी म्हणणाऱ्याला इतकंच सांगतो, पहिल्या पावसानंतर वाट वाहून जाते तेव्हा आम्ही बारा-पंधरा जण पहार, कुदळ, घमेली घेऊन जातो. पाणी वाटेवरून वाहिलं की वाटेची नाळ, म्हणजे खोल घळ होते, म्हणून वळणावर आडवे दगड रोवून पाणी बाजूला काढावं लागतं. त्या दिवसाची मजुरी बुडते. काजव्यांच्या दिवसांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाड्या, हेडलाइट, गाणी. सकाळी आमच्या बाया पाणी भरायला जातात तेव्हा विहिरीच्या कडेला काय काय पडलेलं असतं ते इथं लिहीत नाही.

कोणी पाय मोडून वर अडकलं की हाक पहिली आम्हालाच येते. चादर आणि बांबूची डोली करून माणूस खाली आणायला पाच तास लागतात. त्याला पावती नसते.

करार मला बी हवाय, पण डोंगरयात्री दादा म्हणतात तसा नाही. संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समितीत सचिव वनखात्याचा. खात्यातून पैसे काढायचे तर त्याची सही. आम्ही राबायचं आणि सहीसाठी फेऱ्या मारायच्या.

सातबारा
व्यवसायाने वकील, मावळातली. रेलिंगचं राहू द्या, पायथ्याचीच वाट बंद झाली तर काय करणार? माझ्या माहेरच्या गावातून डोंगरावर जाणारी वाट आजोबांच्या आधीपासूनची. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या तीन गटांचं एनए (बिगरशेती) झालं, प्लॉट पडले, काटेरी तार आली. वाट तारेच्या आत. आता देवीच्या जत्रेला पालखी ओढ्यातून जाते. माझी आई ७१ वर्षांची आहे, ती दोन वर्षं गेलेलीच नाही. वनखात्याशी करार करून काय उपयोग, पहिला अर्धा किलोमीटर तर खासगी आहे.

डोंगरयात्री
ताई, वीस वर्षं वापर असेल तर वहिवाटीचा हक्क लागतो ना? १८८२ चा कायदा, कलम १५.

सातबारा
हेच सगळे अर्धवट वाचून लिहितात. तो हक्क जमिनीला चिकटलेला असतो. माझ्या शेतात जायला तुमच्या शेतातून वाट, असा. पुण्याहून आलेल्या ट्रेकरचं तिथे शेतच नाही, तो कसला वहिवाट सांगणार? शेतकऱ्याला तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली जाता येतं, बांधावरून रस्ता मागायला महसूल संहितेचं कलम १४३ आहे. तुम्हाला यातलं काही नाही. तुमच्यासाठी एकच मार्ग: मालकाशी लेखी करार, किती फूट रुंद, किती वर्षं, कुंपण घातलं तर फाटक कुठे, बांध फुटला तर भरपाई कोण देणार. म्हणजे तुमच्या करारात मी मालकाचं कलम पहिलं टाकीन.

डोंगरयात्री
कलम १५ चं चुकलं माझं. मालकाचं कलम पहिलं, मान्य.

कातळवेडी
@जुना भटक्या, बाणांवर बोलायचंच तर बोलूया. खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड, जुलै. टोलार खिंडीतलं ते वाघाचं शिल्प ओलांडलं, कातळटप्पा चढलो, वर पठारावर पोचलो आणि धुकं उतरलं. स्वतःचे बूट दिसत नव्हते. त्या पठारावर ढोरवाटा किती आहेत तुम्हाला ठाऊक आहे. चार तास गोल फिरलो, सहा जणी, दोघींचे दात वाजत होते. शेवटी एका दगडावर फिकट पांढरा बाण दिसला, तो धरून देवळापर्यंत गेलो. ज्याने तो रंगवला त्याला मी आजही मनात हात जोडते. तुमच्या डोळ्यांना तो खुपतो म्हणून माझ्या मैत्रिणींनी तिथे रात्र काढायची होती का?

जुना भटक्या
धुक्यात पठारावर वाटाड्याशिवाय जायचंच नाही. हे आम्हाला पहिल्या ट्रेकला शिकवलं. बाण बघून चालणारी पिढी डोंगर बघत नाही. दगडांची लगोरी रचा, ती पावसात पडली तरी डोंगराचंच काही असतं. ऑइलपेंट पंधरा वर्षं जात नाही. मी स्वतः एका लेण्याच्या खांबावर बाण पाहिलाय, कोरीव कामावर!

कातळवेडी
लेण्यावर बाण काढणाऱ्याला शिक्षा व्हावी, त्यात वाद नाही. पण लगोरीचं काय सांगता? दर रविवारी कोणीतरी हौसेने नवी लगोरी रचतं, फोटो काढतं, निघून जातं. चुकीच्या ढोरवाटेवर रचलेली लगोरी बाणापेक्षा जास्त घातक. आणि ‘आम्हाला शिकवलं’ हे बंद करा. १९८८ मध्ये तुमच्याबरोबर किती मुली यायच्या? वाटाड्याच्या भरवशावर रात्री राहायला घरून परवानगी कोणाला होती?

जुना भटक्या
विषय कुठून कुठे नेताय.

कातळवेडी
विषय तुम्हीच बाणांवर आणला.

पायथ्याचा
वाटाडे आम्हीच. शनिवारी रात्री शंभर-शंभर माणसं येतात, पुण्या-मुंबईचा आयोजक माणशी हजार-बाराशे घेतो आणि मोबाइलवर नकाशा उघडून पुढं चालतो. गावातला वाटाड्या घेत नाही कारण ५०० द्यावे लागतात. चुकले की मग फोन आम्हाला. बाणांचा वाद घालता, त्या आयोजकावर कोणीच बोलत नाही.

न्यूजर्सीकर
मूळचा नाशिकचा, इथे दर शनिवारी डोंगरात असतो. अॅपलाचियन ट्रेल म्हणजे १४ राज्यांतून जाणारी साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट. १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याने करार करून तिच्या पट्ट्यातल्या जमिनीची देखभाल एका स्वयंसेवी संस्थेकडे दिली. संस्थेखाली तीसेक स्थानिक क्लब, प्रत्येक क्लबकडे ठरलेला तुकडा. आमच्या भागात एका माणसाकडे मैल-दोन मैल असतात. झाड पडलं, पाणी वाटेवर आलं, तर कोणाला कळवायचं ते ठरलेलं. खूणही ठरलेली: झाडावर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरा पट्टा. ग्रुपचं नाव कोणी लिहीत नाही. म्हणजे बाण असावा की नसावा याआधी तो कोण काढणार हे ठरवायला लागतं.

अजून एक. इथे बहुतेक राज्यांत कायदा असा की जमीनमालकाने लोकांना फुकट फिरू दिलं तर अपघाताची जबाबदारी सहसा त्याच्यावर येत नाही. पैसे घेतले की ते संरक्षण साधारणपणे जातं. त्या ३० रुपयांचा विचार या बाजूने कोणी केलाय का?

पायथ्याचा
म्हणजे ट्रेकर पडला तर गाव तुरुंगात?

सातबारा
तुरुंगाचं नाही, पण पैसे घेतले म्हणजे सेवा दिली, असं ग्राहक आयोगात कोणीही वकील मांडेल. मी मांडीन. पावतीवर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ छापून सुटका होईलच असं नाही. म्हणूनच करारात लिहायला हवं की पैसे कशाचे: स्वच्छता आणि वाटेची डागडुजी, सुरक्षेची हमी नव्हे. रेलिंग ज्याने बसवलं त्याच्याच नावावर. विमा वनखात्याने काढायचा, गावाने नाही.

जुना भटक्या
अमेरिकेतलं इथे सांगू नका. तिकडे क्लब शंभर वर्षांचे. आपल्याकडे अपघात झाला की जिल्हाधिकारी बंदीचा आदेश काढतात आणि पोलीस उभे राहतात. २०२४ ला भुशी धरणामागे एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, पुढच्याच आठवड्यात किती धबधबे बंद! बंदी फुकट असते, देखभालीला पैसे लागतात. करार कोण करणार?

पायथ्याचा
ग्रामसभा करू शकते. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनहक्क आहे, म्हणजे गावाने मिळून आपलं जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, आणि तो अभयारण्यातल्या जमिनीला बी लागतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये मिळाला, २०११ पासून बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभाच देते. बांबू तोडायचं ठरवता येतं तर वाटेचं का नाही? आमचा दावा दाखल आहे, तीन वर्षं झाली. परवा प्रत मागायला गेलो तर टेबलावर फाईल नाही, चौकशी करा म्हणाले. तो हक्क हातात आला तर खातं आमच्याशी करार करेल. आत्ता आम्ही खात्याच्या समितीत बसतो. फरक समजून घ्या.

डोंगरयात्री
हे मी धागा काढताना धरलंच नव्हतं. मी खात्याला पहिला पक्ष धरून लिहिलं. तरी एक विचारतो, राग नको. हिशेब? हक्क ग्रामसभेचा झाला तरी माणशी ३० चे किती जमले आणि कुठे गेले, ते भिंतीवर लागेल का?

पायथ्याचा
राग आलाय. खात्याला कोणी हिशेब विचारत नाही, आयोजकाला विचारत नाही, आम्हाला लगेच. तरी सांगतो. मागच्या वर्षी ग्रामसभेत वाचला, भिंतीवर नाही लावला. या दिवाळीला लावू. फोटो इथं टाकतो.

कातळवेडी
आणि आयोजकांनी गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय दहाच्या वर माणसं न्यायची नाहीत, हे कलम घाला. मी स्वतः दोन वर्षं आयोजकांबरोबर काम केलंय. पायथ्याचा दादा म्हणतात ते खरं आहे, मीही नकाशा उघडूनच पुढे चालले होते.

जुना भटक्या
फाटक येईल ही भीती माझी जात नाही. करारात खासगी कंपनीला हस्तांतर करता येणार नाही असं एक वाक्य असेल तरच माझी सही. बाणांचं: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही आठ जण तारेचे ब्रश घेऊन टोलार खिंडीतून वर येतोय, ग्रुपची नावं घासून काढायला. पठारावरचे, धुक्यात लागणारे बाण ठेवू. कातळवेडी, कोणते ठेवायचे ते दाखवायला या.

कातळवेडी
येते. देवळाकडच्या उतारावरचा तो फिकट बाण मी नव्याने रंगवणार, आधीच सांगून ठेवते.

पायथ्याचा
ब्रश आणाच, पण दोन पहारी आणि चार घमेली बी आणा. खिंडीखालचं वळण या पावसात पुन्हा बसलंय.