शिंगरू दोरी ताणली की मागेच सरकतं

प्रश्न: महालक्ष्मीजवळच्या तबेल्यात आमचं अडीच वर्षांचं काठेवाडी शिंगरू आहे. म्होरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालू देतं, पण दोरी ताणली की मान वर करून मागे. लोकल धडधडत गेली तर विचारूच नका. काय करू?

उत्तर: ओढू नका हो. ओढलं की घोडा उलट जोर लावतो, जातच तशी. हलका ताण धरा. एक पाऊल पुढे पडलं, त्याच क्षणी ढील द्या. उशीर झाला तर त्याला कळत नाही ढील कशाची.

उत्तर: कान बघा. दोन्ही रुळांकडे ताठ असतील तर थांबा, मान खाली आली की पुढचं. नाकासमोर उभे राहू नका, तिथलं त्याला दिसत नाही, खांद्यापाशी राहा.

प्रश्नकर्ता: मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) म्हणतो चाबूक दाखवा!

उत्तर: त्याला कटिंग पाजा, चाबूक लपवा. खोगिराचीही घाई नको.