मावशीचा हर-टू २+ आलाय, सर्जन परवाच ऑपरेशन म्हणतात. थांबावं का?

घाईत लिहितेय, मदत हवी आहे.

मावशी ५२ वर्षांची, लातूरजवळ खेड्यात राहते. डाव्या स्तनात गाठ होती, पण दुखत नव्हती म्हणून कितीतरी महिने कुणाला बोलली नाही. कळल्यावर मावसभावाने लातूरला नेऊन तपासण्या केल्या. मॅमोग्राफीत बायरॅड्स ५ (म्हणजे कॅन्सरचा दाट संशय), गाठ साडेतीन सेंटिमीटर. काखेतही एक गाठ आहे, तिथल्या सुईच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी निघाल्या. स्तनाच्या गाठीची कोअर बायोप्सी झाली, तिचा रिपोर्ट: इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३, ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह (ही दोन हार्मोन रिसेप्टरची तपासणी), हर-टू २+, फिश करून घ्या.

तिथले सर्जन म्हणतात, फिशला दोन आठवडे जातील, तेवढ्यात वाढेल, परवा स्तन काढून टाकू आणि मग बघू. पुण्यातले ओळखीचे एक डॉक्टर फोनवर म्हणाले, "आधी केमो लागेल बहुतेक." त्यापुढे त्यांच्याशी बोलणं झालं नाही. आणि मोठे मामा तर सगळ्यांना सांगत सुटलेत की सुई टोचली तिथेच घात झाला, आता एक दिवसही थांबू नका. काका काहीच बोलत नाहीत, नुसते कागद हातात धरून बसतात.

हे २+ म्हणजे नक्की काय? थांबलं तर खरंच नुकसान होईल का? आणि पैशांचं कसं जमवायचं? शेती कोरडवाहू आहे, विमा नाही.

*काचपट्टी:*
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. हर-टू हे पेशीच्या कडेवरचं प्रथिन. त्याच्या तपासणीत तिथे तपकिरी रंग किती चढतो ते बघतात. ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह. २+ म्हणजे रंग आहे, पण त्यावरून निकाल देता येत नाही. म्हणून फिश: त्यात हर-टू जनुकाच्या प्रती थेट मोजतात. त्यासाठी पुन्हा सुई टोचायची गरज सहसा पडत नाही. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये लॅबकडे असतोच. अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड्स ताब्यात घ्या. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात गेलात की पहिल्यांदा तेच मागतात आणि स्लाइड्स स्वतः पुन्हा वाचतात.

मामांना एवढंच सांगा की काखेतल्या पेशी सुईने तिथे नेल्या नाहीत. गाठ महिनोन्महिने अंगावर काढली की त्या काखेत पोचतात.

*वैनगंगा:*
मेडिकल ऑन्कोलॉजीत काम करतो. पेशंट न बघता सल्ला देतोय, तेवढं धरून वाचा.

तुमच्या रिपोर्टवर फिशचा निकाल काहीही आला तरी बहुतेक ठिकाणी सुरुवात केमोनेच करतील. फिश पॉझिटिव्ह आलं तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब, जमलं तर पर्टुझुमॅबही (दोन्ही हर-टूवर नेम धरणारी औषधं). निगेटिव्ह आलं तर हा ट्रिपल निगेटिव्ह प्रकार (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह), त्यातही गाठ दोन सेंटिमीटरच्या वर आणि काखेत आजार असताना आधी केमोच. म्हणजे फिशवर ठरणार आहे ते औषध. परवाचं ऑपरेशन दोन्हीकडे बसत नाही.

"काढून टाकलं तर बिघडलं काय" असं वाटणं साहजिक आहे. पण गाठ जागेवर असताना केमो दिली की ती औषधाला दाद देते का हे डोळ्यांनी दिसतं. गाठ आकसली तर स्तन वाचवायची शक्यता निर्माण होते. सगळ्यात महत्त्वाचं, ऑपरेशनच्या वेळी आजार शिल्लक निघाला तर पुढचं औषध बदलता येतं: हर-टू पॉझिटिव्ह असेल तर टी-डीएम१ (ट्रास्टुझुमॅबला केमो जोडलेलं औषध), ट्रिपल निगेटिव्ह असेल तर केपसिटाबिनच्या गोळ्या. आधीच सगळं काढलं तर ही माहिती मिळायचा मार्गच बंद होतो.

दोन आठवडे चालतील, पण ते रिकामे घालवू नका. छाती-पोटाचा सीटी आणि बोन स्कॅन, किंवा परवडत असेल तर पेट-सीटी, हृदयाचा इको (ट्रास्टुझुमॅब आणि केमोतली काही औषधं दोन्ही हृदयाला त्रास देऊ शकतात), रक्ततपासण्या, हे सगळं त्यातच उरकतं. केमोआधी गाठीत बारीक क्लिप बसवायला विसरू नका. गाठ पार विरघळली तर सर्जनला जागा शोधता येत नाही, आणि ही गोष्ट लहान गावांत हमखास राहून जाते.

त्या सर्जनशी भांडू मात्र नका. पुढे त्यांची मदत लागेल.

*बार्शीकर:*
पैशांचं बोलतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो, ऑपरेशन, रेडिएशन येतं. पण योजनेतल्याच हॉस्पिटलात, आणि उपचारांना आधी मंजुरी घ्यावी लागते. रोख भरून सुरुवात केली आणि मग योजनेकडे वळलात तर भरलेले पैसे परत मिळतील या आशेवर राहू नका. रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठा. ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी चालतं, ते मंजुरीत किती बसतं हे पहिल्याच दिवशी विचारा. भारतीय कंपन्यांचं बायोसिमिलर (मूळ औषधाच्या जवळजवळ तसंच बनवलेलं) २०१४ पासून मिळतंय, मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त.

तुम्हाला आमचं बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडेल. परळला टाटात एकदा दाखवून प्लॅन ठरवायचा आणि केमो जवळ घ्यायची, असं पुष्कळ लोक करतात. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पण जागा मिळेलच असं नाही, आधी चौकशी करा.

*मूळ धागाकर्ती:*
सगळ्यांचे आभार. वैनगंगा यांचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. त्यांनी स्वतःच सर्जनना फोन करून परवाचं रद्द केलं. ब्लॉक उद्या भाऊ आणतोय, सोमवारी बार्शी. एक राहिलं: मावशीला शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. केमोत अडचण येईल का?

*वैनगंगा:*
शुगरमुळे केमो अडत नाही. पण उलटी आणि ॲलर्जी टाळायला बरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्याने शुगर दोन-तीन दिवस बरीच चढते. पहिल्या भेटीतच सांगा, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) करून न्या, ग्लुकोमीटर घ्या. सीटीला कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, फोटो स्पष्ट यायला) देणार असतील तर क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट जवळ ठेवा आणि मेटफॉर्मिन थांबवायचं का ते तिथेच विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप आला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही.