मदत हवी आहे: हलत्या कप्पीला दोन ठोकळे, त्वरणांचा संबंध कसा लावायचा?

नमस्कार मंडळी. भाचा खानापुरात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला) आहे, सायन्सला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीतनं. अडलं की वही घेऊन माझ्याकडं येतो. मी जुना डिप्लोमावाला, त्यामुळं माझीही दमछाक होते.

साधा प्रकार जमतो. गुळगुळीत टेबलावर २ किलोचा ठोकळा, त्याची दोरी कडेच्या कप्पीवरून खाली येऊन हलत्या कप्पीखालून वळसा घेते आणि वर छताला बांधलेली. हलत्या कप्पीला ४ किलो. ती १ सेंमी उतरली की दोन्ही बाजूंना १-१ सेंमी दोरी लागते, म्हणून टेबलावरचा ठोकळा २ सेंमी सरकतो. त्वरणंही तशीच, कप्पीचं ३.३३ आणि ठोकळ्याचं ६.६७ मी/से² (गुरुत्वत्वरण 'जी' १० धरून).

अडलंय ते पुढं. छताला स्थिर कप्पी, तिच्यावरच्या दोरीला एकीकडं 'अ' ४ किलो, दुसरीकडं बिनवजनाची हलती कप्पी. त्या कप्पीवरून दुसरी दोरी, तिला 'ब' ३ किलो आणि 'क' १ किलो. भाचा म्हणतो, "मामा, इकडं चार, तिकडं तीन नि एक चार. अ हलतोय कशाला?" पुस्तकात उत्तर आहे: अ खाली, १०/७. असं का? आणि क्लासमध्ये सांगितलेली 'ताण गुणिले त्वरण, बेरीज शून्य' ही युक्ती कुठंही चालते का?

प्रतिसाद १
हलती कप्पी हातानं धरून ठेवली असं समजा. ब उतरतो, क चढतो, दोरीचा ताण १५ न्यूटन. म्हणजे कप्पीवर ओढ ३०. अ ला तोलायला ४० हवेत. हात सोडला की अ खालीच जाणार. ब आणि क लोंबकळत स्थिर असते तरच भाच्याचं चार बरोबर चार खरं.

आता संबंध. सगळी अंतरं छतापासून खाली मोजा. पहिली दोरी: अ + कप्पी = कायम. दुसरी: (ब − कप्पी) + (क − कप्पी) = कायम. यातून त्वरणांसाठी २अ + ब + क = ०. चिन्हांची काळजी करू नका, खालची दिशा सगळ्यांना धन धरा, वर जाणारा आपोआप ऋण येतो. ब-कच्या दोरीतला ताण १२०/७ न्यूटन, त्वरणं अ १०/७, ब ३०/७, क −५०/७. २अ + ब + क ही बेरीज करून बघा, शून्य येते.

प्रतिसाद २
युक्तीबद्दल: न ताणणाऱ्या, बिनवजनाच्या दोरीचं आणि कप्पीचं एकूण काम शून्य, म्हणून ताण गुणिले वेग यांची बेरीज शून्य. दोऱ्या सरळ उभ्या-आडव्या राहिल्या तर वेगाऐवजी त्वरण चालतं. पण जमिनीवरचा ठोकळा उंचावरच्या कप्पीवरून तिरका ओढला तर कोन बदलत जातो, तिथं त्वरणाला जादा पद लागतं. कप्पीला वजन असलं तर दोन्ही बाजूंचे ताण वेगळे, पण दोरीच्या लांबीचं समीकरण तेच राहतं. म्हणून मी तरी लांबीवरनंच शिकवतो.

धागाकर्ता
कप्पी धरून ठेवायची कल्पना त्याला लगेच पटली. आता विचारतोय, अ ३ किलोचा केला तर हलणार नाही ना?

प्रतिसाद १
नाही हलणार. तिथंच राहील आणि ब, क मात्र ५ च्या त्वरणानं पळतील. हुशार आहे की ओ पोरगं.