मदत हवी आहे: सीलिॲकच्या तपासणीआधी पुन्हा गहू सुरू करायचाय

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला असतो. माझ्या नणंदेचं पोट सतत बिघडायचं, हिमोग्लोबिन काही केल्या वाढेना, म्हणून तिने दिवाळीपासून गहू सोडला. ज्वारी-मक्यावर बरं चाललंय. आता डॉक्टर म्हणतात, सीलिॲकचं (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार) निदान पक्कं करायचं तर आधी गहू खा. ग्लूटेन बंद असलं की रक्तातली टीटीजी अँटीबॉडी (या आजाराची खूण) उतरते, आतड्याचं अस्तरही भरून येतं, आणि आजार असूनही रक्ततपासणी, बायोप्सी नॉर्मल येऊ शकते. सहा ते आठ आठवडे, रोज निदान दोन स्लाइस ब्रेडइतका गहू पोटात जायला हवा.

हे ऐकून सासूबाईंनी लगेच रविवारी दाल-बाफल्यांचा (बाफले म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे) बेत ठरवला! इतक्या दिवसांनी पहिला घास तुपात निथळणारा बाफला? मी अर्ध्या पोळीवर अडून बसले आहे. सकाळचे पोहे तर तांदळाचे, ते हिशेबात धरताच येत नाहीत, सोबतची मैद्याची जिलबी तेवढी धरायची.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: एकदम सुरू केलंत की हळूहळू वाढवत? त्रास वाढल्यावर डॉक्टरांनी तपासणी ठरल्याआधीच घेतली का? ती नोकरी करते, रजा फारशी नाही.

आणखी एक. एचएलए डीक्यू २ आणि डीक्यू ८ ही जनुकांची तपासणी खाण्यावर अवलंबून नसते, दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ बादच होतो. तीच आधी करून घ्यावी का? इंदुरात कुणी केली असेल तर खर्च किती आला?