पहिली दुर्बीण, बजेट बेताचं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आकाशदर्शनासाठी दुर्बीण घ्यायची आहे. बजेट बेताचं, म्हणजे फसलो तर पुन्हा लवकर घेणं जमणार नाही. शीर्षकात 'पहिली' लिहिलंय खरं, पण एकदा फसून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी एक दुर्बीण आणली. खोक्यावर शनीचा रंगीत फोटो आणि ठळक अक्षरांत '५२५ पट'. भिंग ६० मिमीचं, फोकल लेंग्थ (भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी. हे ५२५ आलं कुठून ते नंतर हिशेब मांडल्यावर कळलं. ७०० भागिले ४ मिमीचं आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) म्हणजे १७५, आणि त्याला सोबतच्या ३ पटीच्या बार्लोने (पट वाढवणाऱ्या जोडभिंगाने) गुणायचं. गणित बरोबर आहे हो, पण ६० मिमीच्या भिंगातून १२० पटीच्या पुढे चित्र नुसतं मोठं आणि धुरकट होत जातं, हे खोक्यावर कोण लिहिणार?

भिंगाचं एक वेळ चालवून घेतलं असतं. खरा छळ मांडला तो स्टँडने. काडीसारखे पाय. फोकसच्या चाकाला बोट लागलं की चंद्र थरथरायचा, तो शांत होईपर्यंत श्वास रोखून बसायचं, आणि तोवर स्वारी पुढे सरकलेली. स्क्रू आवळला की नळी खाली बसायची, म्हणून आधी गुरूच्या थोडं वर नेम धरायचा आणि मग आवळायचं. एकदा गुरू सापडायला चाळीस मिनिटं लागली. लेकीने दोन रात्री दम धरला. तिसऱ्या रात्री 'बाबा, तुम्हाला सापडला की हाक मारा' म्हणाली आणि आत जाऊन झोपली. तेव्हापासून दुर्बीण माळ्यावर आहे.

आता तीन पर्यायांवर गाडी अडली आहे:

१. ७० मिमीची भिंगाची दुर्बीण, साध्या ट्रायपॉडवर.
२. ११४ मिमी आरशाची, फोकल लेंग्थ १००० मिमी, इक्वेटोरियल माउंटवर (आकाशाच्या फिरण्याबरोबर फिरवता येणारा स्टँड). दिसायला सगळ्यात रुबाबदार ही.
३. १३० मिमी आरशाची, ६५० मिमी, टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन (खोक्यासारख्या बैठकीवर फिरणारी).

बघायचंय ते चंद्र, गुरू, शनी, आणि जमलं तर मृगातला तेजोमेघ. फोटो काढायचे नाहीत. गच्ची आहे, पण तीन जिने चढून. आजूबाजूला दिव्यांचा उजेड बऱ्यापैकी. आरसे म्हणे सारखे जुळवावे लागतात, त्याची धास्ती वाटते. जुनी आयपीसं नव्या दुर्बिणीला चालतील का, हेही सांगा.

प्रतिसाद

तिसरा पर्याय. दुसरा तर लगेच खोडून टाका. त्याची नळी अर्ध्या मीटरच्या आसपास असेल, बघा मोजून. एवढ्या नळीत १००० मिमी बसवायला फोकसरच्या (आयपीस बसतं त्या पुढे-मागे होणाऱ्या नळीच्या) तोंडाशी एक जादा भिंग घालतात. स्वस्तातल्या दुर्बिणींत ते यथातथाच असतं, आणि त्याच्यामुळे आरसे जुळवणं डोकेदुखी होऊन बसतं. आरसे जुळवायचं जे भय तुम्ही ऐकलंय ते बहुतेक याच जातीचं. ६५० मिमीच्या साध्या न्यूटोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला, तुमचा तिसरा पर्याय तीच) स्क्रूड्रायव्हर फिरवून पाच मिनिटांत काम होतं, तेही रोज नाही.

१३० मिमीचा आरसा ७० मिमीच्या भिंगापेक्षा जवळजवळ साडेतीनपट प्रकाश गोळा करतो. शिवाय डॉब्सोनियनला पाय नाहीत, स्क्रू आवळणं नाही. ढकललं की सरकते, सोडलं की तिथेच राहते. अमेरिकेतले हौशी आकाशनिरीक्षक जॉन डॉब्सन यांनी रूढ केलेली ही बैठक म्हणजे निव्वळ लाकडी खोकं आहे, आणि तुमचा सगळा वैताग तर स्टँडचाच आहे.

आयपीसची दांडी सव्वा इंची असेल तर बसेल. जुन्या स्वस्त दुर्बिणींना पाऊण-एक इंचाच्या मधली बारीक दांडी असते, ती नाही बसणार. ४ मिमीचं मात्र बसलं तरी लावू नका.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, फक्त दोन गोष्टी. आरसा गच्चीवर नेल्यावर अर्धा तास गार होऊ द्या, नाहीतर गुरू उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा दिसतो. आणि तेजोमेघ फोटोतल्यासारखा गुलाबी दिसणार नाही, करडं धुकं दिसेल. लेकीला आधीच सांगून ठेवा.

जुन्या दुर्बिणीबरोबर आयपीसवर लावायचा सूर्याचा काळा फिल्टर आला असेल तर तो आजच मोडून फेका. तापून तडकला तर डोळा जातो. याबाबतीत मी थोडा आग्रही आहे, माफ करा.

प्रतिसाद

नवी येईपर्यंत माळ्यावरची काढा की. ट्रायपॉडचे पाय अजिबात लांब करू नका, खुर्चीवर बसून बघा. मधल्या ट्रेला पाण्याने भरलेली पिशवी टांगा. बार्लो आणि ४ मिमी कपाटात टाका आणि सगळ्यात मोठ्या आकड्याचं आयपीस लावा. फाइंडर (नेम धरायची नळीवरची छोटी दुर्बीण) दिवसाउजेडी लांबच्या एखाद्या खांबावर जुळवून घ्या (सूर्याच्या दिशेला नको). मग बोला.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. फिल्टर होता, मोडला.

पाण्याची पिशवी टांगली आणि २० मिमीचं लावलं, म्हणजे ३५ पट. फाइंडर संध्याकाळी उजेड असतानाच एका मोबाइल टॉवरवर जुळवून ठेवला होता. गुरू दोन मिनिटांत मिळाला! थरथर आहे, पण बघण्याजोगी. शेजारी एका ओळीत तीन ठिपके. लेक कागद घेऊन आली, मधे गोल आणि बाजूला तीन टिंबं काढून वर तारीख घातली. दुसऱ्या रात्री चार टिंबं झाली, तर माझ्याकडे संशयाने बघत, 'काल तुम्ही नीट लावली नव्हती.' चौथा काल गुरूच्या आड किंवा पुढ्यात असणार हे समजावताना माझी पंधरा मिनिटं गेली.

तर १३० मिमीची डॉब्सोनियन पक्की. आता अडलंय ते टेबलावर. घरातला प्लास्टिकचा स्टूल हलतो, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. सुताराकडून तीन पायांचा लाकडी करून घेणार आहे, तीन पाय म्हणजे ओबडधोबड गच्चीवरही डुगडुगणार नाही. ही दुर्बीण वापरणाऱ्यांनी उंची सांगाल का? मी खुर्चीवर बसून बघणार आणि लेक उभी राहून, वय वर्षं नऊ.