भांड्यातली बिअर खरी, प्याल्यातली जोडी थोतांड?

तांबडा_रस्सा (धागाकर्ता)

आधीच सांगून टाकतो, मी बेल्जियन बिअरच्या विरोधात नाही. सात वर्षं बेल्जियममधल्या ल्युव्हनला राहतोय. स्टेला आर्त्वा या बिअरच्या गावात राहून बिअरशी वैर घेणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. तक्रार वेगळीच आहे.

मागच्या महिन्यात पुण्याहून मित्र आला होता. त्याला ब्रसेल्सच्या ग्राँ प्लास या मुख्य चौकाजवळ एका ठिकाणी नेलं. नाव देत नाही. पाच पदार्थ, प्रत्येकाबरोबर वेगळी बिअर. प्रत्येक ताटलीआधी वाढप्याचं दोन मिनिटांचं कीर्तन: कुठला मठ, कुठलं धान्य, कुठला गंध. नाजूक वाफवलेल्या माशाबरोबर साडेनऊ टक्के अल्कोहोलची ट्रिपल (फिकट रंगाची कडक बिअर). मासा बुडाला तो बुडालाच. चौथ्या पदार्थावर बिअर आटवून केलेला सॉस होता, चव थेट कारल्याच्या पाण्याची. गोड येईपर्यंत जिभेचं लाकूड झालेलं. वर "ही आमची परंपरा" हे ऐकून घ्यायचं.

म्हणून माझं मत मांडतो, फाडून काढा. बिअरमध्ये शिजवणं ही बेल्जियमची खरी कमाई आहे. स्टोव्हराय घ्या (फ्रेंच बोलणारे त्याला कार्बोनाद म्हणतात). गोमांसाचे तुकडे लोण्यात लाल करायचे, भरपूर कांदा, थाइम, तमालपत्र, वर गडद बिअर आणि मोहरीची चटणी फासलेला पावाचा तुकडा उपडा ठेवून तीन तास मंद आच. पाव विरघळून रस दाट होतो. सोबत दोनदा तळलेले फ्राइज. ज्यानं हे शोधलं त्याला साष्टांग दंडवत.

पण "या पदार्थाला हीच बिअर" हा सोहळा म्हणजे वाइनवाल्यांची नक्कल आहे. या बिअर मुळात जेवणासाठी घडलेल्याच नाहीत. १९१९ साली इथे कायदा आला आणि कॅफेत कडक दारू विकायला बंदी झाली. येनेव्हर (इथली जिनसारखी दारू) गेली, ती पोकळी भरायला जड बिअर वाढल्या. म्हणजे त्या बसून, गप्पा मारत, नुसत्याच प्यायच्या. त्यांच्या शेजारी मासा कशाला?

अवकाळी

पाच बिअर पिऊन झाल्यावर सहावी तक्रारच येणार ना. बसतो मांडी ठोकून, येऊ द्या.

गेंटकर_मावशी

अरे बाळा, एका भिकार ठिकाणी जेवलास आणि अख्ख्या देशाला निकाली काढलंस? ग्राँ प्लासच्या गल्लीत जेवायला जायचंच नसतं, हे सात वर्षांत कुणी सांगितलं नाही का तुला?

"जेवणासाठी घडलेल्याच नाहीत" हे सपशेल चूक. माझ्या सासूबाई फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या उत्तर बेल्जियमच्या. त्यांच्या लहानपणी जेवायच्या टेबलावर टेबल बिअरची मोठी बाटली असायची, एक-दोन टक्क्यांची, पाण्यासारखी. मुलांनाही मिळायची, शाळेतसुद्धा. आज ऐकून अंगावर काटा येतो, पण गेल्या शतकात ते साधं होतं. म्हणजे जेवण आणि बिअर ही जोडी कुणा शेफनं काढलेली नाही. शेफनं फक्त वाढपी उभा केला आणि कीर्तन सुरू केलं. कीर्तनाबद्दल तुझ्याशी सहमत.

आणि स्टोव्हराय ही काही हॉटेलांची मिरास नव्हे. आमच्या कोपऱ्यावरच्या फ्राइजच्या टपरीवर त्याचा रस फ्राइजवर ओतून मिळतो. मी घरी पावाऐवजी पेपरकुक घालते, म्हणजे मसाल्याचा मधाळ केक. शेवटी चमचाभर व्हिनेगर आणि ब्राउन शुगर. खाल्लीस तर ओळखशील, आपली चिंचगुळाची आमटीच आहे ती, डाळीच्या जागी मांस.

बिनकामाचा

दोघांचंही चुकतंय. शिजवणं काय, जोडी काय, सगळं पर्यटन खात्याचं लाडकं लेकरू. २०१६ मध्ये युनेस्कोनं बेल्जियन बिअर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून जो तो बाटलीला हार घालतोय. अँटवर्पच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या रेस्टॉरंटात डोकावून बघा. बेल्जियन माणूस तिथे बर्गंडी (फ्रेंच वाइन) मागवतो. बिअरची जोडी मागवतात ते जपानी, अमेरिकन आणि आपल्यासारखे.

फेसाळ

पुण्यात मायक्रोब्रुअरीत काम करतो, दीड वर्ष बेल्जियममध्ये शिकायला होतो. त्यामुळे राहवत नाही.

कारल्याच्या पाण्याचं कारण सांगतो. बिअरचा कडूपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांमधून येतो आणि उकळल्यावर तो उडून जात नाही. पाणी आटतं, कडू तेवढंच उरतं. एक लिटर बिअर आटवून पाव लिटर केली की कडूपणा चौपट दाट. म्हणून आयपीए (भरपूर हॉपची कडू बिअर) आटवून सॉस करणारा आचारी एक तर नवखा असतो किंवा सूड घेत असतो. बेल्जियममध्ये बिअरचा स्वयंपाक रुजला याचं मोठं कारण हेच की तिथल्या बऱ्याच जुन्या बिअर हॉपच्या जोरावर उभ्या नाहीत. काही भाजलेल्या माल्टवर (मोड आणून वाळवलेल्या धान्यावर), काही यीस्टच्या फळासारख्या वासावर आणि काही चक्क आंबटपणावर.

आंबट म्हणजे दोन घराणी. एक पश्चिम फ्लांडर्सचं: रुसलारे गावची रोडेनबाख, ओकच्या माणसापेक्षा उंच पिंपांत मुरवलेली, चवीला चेरी आणि सिरक्याच्या मधोमध. दुसरं ब्रसेल्सच्या आसपासचं लँबिक. यात यीस्ट घालतच नाहीत. थंडीच्या महिन्यांत धान्याचा गरम काढा उथळ, पसरट हौदात रात्रभर उघडा ठेवतात, हवेतले आणि इमारतीतले जंतू आपण होऊन येतात. आपल्या इडलीच्या पिठासारखंच, फक्त पुढे लाकडी पिंपात एक, दोन, तीन वर्षं. तरुण आणि म्हातारी लँबिक मिसळून बाटलीत भरली की ग्यूझ. तिच्यात ससा शिजवतात. तिथे ग्यूझ नेमकं तेच काम करते जे आपल्याकडे कोकम करतं.

आता जोडी. तांबडा_रस्सा, हिशेब करा. पाच बाटल्या, ३३ सेंटिलिटरच्या, सरासरी ८ टक्के: १३२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. जीभ लाकूड होईल नाही तर काय! पण जाणती माणसं १५ सेंटिलिटर ओततात. पाच पेले म्हणजे ६० मिलिलिटर. वाइनचे १० सेंटिलिटरचे पाच पेले १३ टक्क्यांनी ६५ भरतात. तेव्हा दोष जोडीत नव्हता, मापात होता.

तांबडा_रस्सा

फेसाळ, हॉपचा मुद्दा पटला. मापाचा अर्धा पटला. आम्हाला अख्ख्या बाटल्याच आणून दिल्या होत्या आणि आम्ही मराठी माणसं, पैसे दिलेली वस्तू ताटात टाकत नाही.

पण मूळ प्रश्न तसाच राहतो. १९१९ च्या कायद्याचं काय? ११.३ टक्क्यांची रोशफोर १० कुठल्या जेवणात बसते?

फेसाळ

जेवणात नाही, जेवणानंतर. डार्क चॉकलेट किंवा निळ्या बुरशीच्या चीजबरोबर, अर्धा पेला. त्या एका टोकावरून अख्ख्या देशाला का मोजता? सेझाँ द्यूपाँ घ्या, एनो प्रांतातल्या तूर्प गावची. साडेसहा टक्के, कोरडी, मिरीसारखी झणका देणारी, भरपूर फसफस. तळलेल्या कोळंबीच्या क्रोकेटबरोबर प्या. बुडबुडे जिभेवरचं तूपतेल धुऊन नेतात, प्रत्येक घास पहिला वाटतो. वाइनला हे काम शँपेनच्या भावात करावं लागतं.

कोकमसरबत

तांबडा_रस्सा, तुम्ही कोल्हापूरचे दिसता, म्हणून मालवणातून एक प्रश्न. तळलेल्या बांगड्यानंतर सोलकढी का पिता? ताक का नाही, पाणी का नाही? ती "जोडी" नव्हे तर काय?

तांबडा_रस्सा

सोलकढी आणताना कुणी येऊन "ही देवगडच्या उत्तर उतारावरची कोकमं, २०१९ चं पीक" असं म्हणत नाही हो. येते, पितो, ढेकर देतो. मला सोहळ्याचाच राग आहे.

कोकमसरबत

मग धाग्याचं नाव बदला. "वाढप्याची बडबड थोतांड" ठेवा. बिअरवर कशाला घसरता?

अवकाळी

मालवण १, कोल्हापूर ०.

शुद्धशाकाहारी_पण

गोमांस, ससा, कोळंबी. आमच्यासारख्यांनी या देशात काय करायचं? सासरचे लोक ब्रसेल्सला आहेत, मे महिन्यात जातोय. बिअर चालते, अंडं चालतं, मांस-मासे नाही. शिवाय मांसाच्या रस्स्यात शिजलेल्या बिअरची दारू खरंच "उडून जाते" का? बाबांसाठी विचारतेय, ते बिअरही घेत नाहीत.

फेसाळ

पूर्ण उडत नाही. ही फार मोठी समजूत आहे. अमेरिकन कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून पंधरा मिनिटं शिजवलं तर सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं, तासाभरानंतर २५, अडीच तासांनी ५. म्हणजे स्टोव्हरायमध्ये नावापुरतं उरतं, पण झटपट केलेल्या क्रीम सॉसमध्ये चांगलंच. तत्त्व म्हणून पाळत असतील तर बाबांना बिअरचा कुठलाच पदार्थ देऊ नका, आणि आधी विचारा.

गेंटकर_मावशी

मे महिना म्हणजे तू भाग्याची. पांढऱ्या शतावरीचा (अ‍ॅस्पॅरॅगसचा) मोसम. फ्लेमिश पद्धतीत वरून कुस्करलेलं उकडलेलं अंडं, लोणी, पार्सली. त्याच्याबरोबर वेस्टमाल्लेची ट्रिपल, तीच साडेनऊ टक्क्यांची, जिनं तांबड्याचा मासा बुडवला. शतावरीचा किंचित कडवटपणा तिला बरोबर भिडतो. पण पेलाभरच घे.

ब्रसेल्सच्या जुन्या कॅफेत दुसरी एक गोष्ट माग: जाड पावाच्या कापावर चक्क्यासारखं मऊ पांढरं चीज, वर मुळ्याच्या चकत्या आणि पातीचा कांदा. सोबत ग्यूझ. त्यात ना मांस, ना शेफ, ना कीर्तन. तांबड्या, तूही खा. ही जोडी बघून तुझा धागा आपोआप बंद पडेल.

फ्राइज मात्र विचारून घे गं. पारंपरिक टपरीवर ते बैलाच्या चरबीत तळतात. चीजमध्येही रेनेट (दूध थिजवणारं द्रव्य, बरेचदा वासराच्या पोटातलं) कुठलं ते विचार. आणि घरच्यांना गेंटला घेऊन ये. इथे २००९ पासून गुरुवार शाकाहाराचा म्हणून पाळतात. उपासाचा गुरुवार फ्लांडर्समध्ये सापडेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

कोकमसरबत

हॉपचे कोंब राहिले की! फ्रान्सच्या सीमेला लागून पोपरिंगचा पट्टा आहे, तिथे हॉपचे मळे. वसंताच्या सुरुवातीला जमिनीतून निघणारे पांढरे कोवळे कोंब हातानं एकेक खुडतात, त्यामुळे किंमत आकाशाला. पाण्यात शिजवलेलं अंडं आणि सॉसबरोबर देतात. मे उजाडेपर्यंत संपलेले असतात, सॉरी शाकाहारीताई.

(२०२१ मध्ये "बिहारच्या शेतकऱ्यानं लाख रुपये किलोची भाजी पिकवली" हे ढकलपत्र आठवतंय? ती हीच भाजी. पत्रकार बघायला गेले तर शेतात हॉप नव्हतंच.)

त्याच पट्ट्यात वाटू नावाचं खेडं आहे. सिंट बर्नार्डसची ब्रुअरी तिथलीच. आणि स्तेफान कुतेन्ये या शेफनं तिथल्या 'त होमेलहोफ'मध्ये बिअरच्या स्वयंपाकाला नाव मिळवून दिलं. होमेल म्हणजे तिकडच्या बोलीत हॉप. गावात हॉप, गावात ब्रुअरी, तीच बिअर गावच्या भांड्यात. बिनकामाचा, याला पर्यटन खातं म्हणायचं का?

बिनकामाचा

एका खेड्यानं देश होत नाही. बरं, भांड्यात तीच बिअर आणि पेल्यात तीच बिअर हा हट्टही मला पटत नाही. तो फक्त मेनूकार्डावर छान दिसतो.

फेसाळ

अरेच्चा, इथे मी बिनकामाचांच्या बाजूनं. भांड्यात तीन तास शिजलेल्या बिअरचा फेस गेला, वास गेला, उरला माल्टचा गोडवा आणि आंबटपणा. पेल्यातली तीच बिअर त्या रस्स्याशेजारी बरेचदा पातळ वाटते. रस्सा गोड असेल तर पेल्यात कोरडी घ्या. आणि ओर्वालचं तर नाव एक, बिअर दोन: ताजी बाटली हॉपच्या सुवासाची, सहा महिने ठेवली की तिच्यातलं जंगली यीस्ट ती कोरडी, चामड्याच्या वासाची करून टाकतं. कॅफेत तरुण की जुनी असं विचारतातसुद्धा. मेनूवर नुसतं "ओर्वालबरोबर" लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

तुमची बर्गंडी मात्र बेल्जियमच्या बिअरचा पराभव नव्हे. तिथल्या वरच्या वर्गाच्या रेस्टॉरंटवर फ्रेंच वळण होतं, तिथे बिअर म्हणजे मजुरांचं पेय. चव हरली नाही, इज्जत हरली.

गेंटकर_मावशी

हे मात्र शंभर टक्के खरं. सासरे घरी रोज बिअर प्यायचे आणि लग्नकार्यात टाय लावून वाइन. विचारलं तर म्हणायचे, पाहुणे आहेत ना.

आणि बिनकामाचा, युनेस्कोच्या त्या नोंदीत बिअरनं धुतलेल्या चीजचा, स्वयंपाकाचा आणि पदार्थांबरोबरच्या जोडीचाही उल्लेख आहे. नोंद नंतर झाली, चीज आधीपासून होतं. शिमेचं घ्या नि वास घ्या, मग बोला.

बिनकामाचा

वास घेतलाय एकदा. त्यानंतर फ्रीज धुवावा लागला. चीजपुरता मी शब्द मागे घेतो.

तांबडा_रस्सा

बरं, हिशेब असा: कीर्तनावर मी ठाम. मापावर हरलो. टेबल बिअरची गोष्ट माहीत नव्हती, तिथेही हरलो. १९१९ वर अजून अर्धा उभा आहे, कारण मुळ्याच्या पावाबरोबर ग्यूझ पटते, पण दहा टक्क्यांच्या पुढचं काहीही जेवणात घुसवलेलं मला नको. मित्राला अजून तोंड दाखवलेलं नाही, तो पुण्यात सगळ्यांना सांगतोय की मी त्याला कारल्याचा काढा पाजला.

मावशी, ती आमटीवाली स्टोव्हराय खायची इच्छा आहे. येत्या शनिवारी मी गेंटमध्येच आहे. काय आणू?

गेंटकर_मावशी

ये की. रोडेनबाखच्या चार बाटल्या आण, दोन भांड्यात, दोन पेल्यात. फेसाळ काहीही म्हणू दे. ब्राउन शुगर आणू नकोस, या वेळी कोल्हापुरी गूळ घालून बघू. आहे माझ्याकडे.

फेसाळ

गूळ घालताय तर व्हिनेगर टाकू नका, रोडेनबाखचा आंबटपणा पुरेल. आणि पेल्यात तीच घेतलीत तर निकाल इथे प्रामाणिकपणे लिहा.

अवकाळी

आणि आम्ही काय धागा चाटत बसायचं?