आयफोन की अँड्रॉइड? आमच्या बी विंग ग्रुपवरची चर्चा

कुलकर्णी काकू (३०२): नमस्कार मंडळी. जरा सल्ला हवाय. माझ्या अँड्रॉइड फोनची बॅटरी हल्ली दुपारीच मान टाकते. लेक पुढच्या महिन्यात न्यू जर्सीहून येतेय, तिचा वापरलेला आयफोन १३ मला आणतेय. नाशिकचा मुलगा म्हणतो, आई, त्या भानगडीत पडू नकोस, मी नवा सॅमसंग घेऊन देतो. दोघंही हट्टाला पेटलेत. मला लागतं काय तर व्हॉट्सॲप, लाइटबिल, भाजीवाल्याचे पैसे आणि आमचं भजनी मंडळ.

सावंत (१०१): काकू, आयफोन. डोळे मिटून. फुकट मिळतोय तर सोडायचा कशाला?

निखिल (६०४): चार्जिंगचं काय पण? टाइप-सी आलं ते आयफोन १५ पासून, २०२३ मध्ये. १३ ला ती जुनी लायटनिंग वायर. लाइट गेल्यावर अख्ख्या विंगमध्ये कुणाची वायर चालणार नाही काकूंना.

सावंत (१०१): स्टेशनबाहेर ढिगाने मिळतात वायरी.

निखिल (६०४): आणि अपडेट? गॅलेक्सी एस २४ पासून सॅमसंग सात वर्षं देतंय. काकूंचा आयफोन २०२१ चा. चार वर्षं तिथेच वापरून झालीत.

सावंत (१०१): सात वर्षं महागड्या मॉडेलला रे. काकूंचा मुलगा काय एस सिरीज घेणारे का? आणि ॲपल जुन्या फोनलाही बरीच वर्षं अपडेट देतं. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ चं आयओएस १५, म्हणजे आयफोनचं सॉफ्टवेअर, मिळालं होतं.

परांजपे काका (२०३): तिसरा पर्यायही असायचा एके काळी. माझा लुमिया, विंडोज फोन. ते हलणारे चौकोन काय सुंदर दिसायचे! २०१९ सरता सरता मायक्रोसॉफ्टने हात वर केले आणि त्या डिसेंबरअखेरीस व्हॉट्सॲपही बंद. फोन अजून टकाटक आहे, पण बोलणार कुणाशी?

सचिव (४०१): सर्वांना नम्र विनंती, हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

परांजपे काका (२०३): मग परवाचं गुड मॉर्निंगचं गुलाब कोणत्या कामासाठी होतं?

अनघा (५०१): काकू, मी दिवसभर हेच करते. एकच ॲप दोन्हीकडे चालवून चुका शोधायच्या. कंपनीचं राहू द्या बाजूला. आधी सांगा, जुन्या फोनमध्ये जाता कामा नये असं काय आहे?

कुलकर्णी काकू (३०२): बुवांच्या चाली. बुवा जाऊन दोन वर्षं झाली गं. काकड्याच्या, गौळणींच्या चाली ते गाऊन व्हॉट्सॲपवर पाठवायचे. शंभराच्या वर असतील. वहीत शब्द आहेत, चाली फक्त त्यातच.

सावंत (१०१): 😶

सावंत (१०१): काकू, एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी मी अँड्रॉइडवरून आयफोनवर गेलो तेव्हा फोन आधी सुरू केला, सगळं सेटिंग केलं, मग आरामात व्हॉट्सॲप टाकलं. सात वर्षांचे चॅट गायब. गुगल ड्राइव्हवर बॅकअप होता, तो आयफोनला दिसेचना.

निखिल (६०४): आणि वर "डोळे मिटून घ्या"? 😂

अनघा (५०१): सावंतदादांसारखं बऱ्याच जणांचं होतं. अँड्रॉइडचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, आयफोनचा आयक्लाउडवर, आणि एकाचा दुसऱ्याला उघडत नाही. २०२२ पासून रस्ता आहे, "मूव्ह टू आयओएस" नावाचं ॲप. पण आयफोन कोरा हवा, म्हणजे डब्यातून काढल्यासारखा किंवा पूर्ण पुसून परत सुरू केलेला. नंबर तोच, दोन्ही फोन चार्जिंगला आणि एकाच वायफायवर. मधे उठून आमटी ढवळायला जायचं नाही.

सॅमसंग घेतला तर हेच काम अगदी सोपं. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स, मग क्यूआर स्कॅन. ड्राइव्हसुद्धा लागत नाही.

काहीही घ्या, पण त्याआधी चाली वेगळ्या काढून ठेवू. अँड्रॉइडवर व्हॉइस मेसेज खऱ्याखुऱ्या फाइली असतात. फाइल्स उघडून अँड्रॉइड, मीडिया, असं आत आत गेलं की "व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स" हे फोल्डर सापडतं. आत वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांची पिल्लं. नावावरून कुठली चाल ते कळत नाही, ऐकून ऐकूनच लावावं लागेल. ते तुम्हालाच जमेल.

कुलकर्णी काकू (३०२): ऐकायला काय, मी तयार आहे. आणि भाजीवाल्याला पैसे देताना आयफोनवर अडेल का गं?

अनघा (५०१): यूपीआय दोन्हीकडे सारखंच चालतं. पहिल्यांदा नंबर जोडताना आयफोनवर एक एसएमएस समोर येतो, तो स्वतः सेंड दाबून पाठवायचा. अँड्रॉइडवर ॲप स्वतःच पाठवतं. खरी अडचण मागे जाण्याची. तुम्ही खालच्या तीन बटणांवर जगता काकू, मी बघितलंय. आयफोनला ते बटणच नाही. कधी वर कोपऱ्यात बाण, कधी डाव्या कडेवरून बोट सरकवायचं. माझ्या सासूबाई महिनाभर दर वेळी पहिल्या पानावर जाऊन नव्याने सुरुवात करायच्या.

देसाई वहिनी (१०३): पण सुरक्षेचं काय? व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून ती फसवी फाइल आली होती, विसरलात?

सावंत (१०१): हो ना! "पत्रिका.एपीके". मी तर आहेर पण ठरवला होता.

अनघा (५०१): वहिनींचा मुद्दा बरोबर आहे, आणि इथे आयफोनला माझे पूर्ण मार्क. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल. आयफोनवर ते उघडतच नाही. युरोपात २०२४ पासून कायद्याने दुसरी दुकानं आली, आपल्याकडे अजून ॲप स्टोअरच. अँड्रॉइडवर काकूंच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आणि क्रोम या दोघांची "अनोळखी ॲप इन्स्टॉल करा" ही परवानगी मी बंद करून ठेवीन. पण "बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला कुठलाच फोन अडवत नाही.

कुलकर्णी काकू (३०२): ते मला कळतं. मी त्यांना भजन ऐकवते, ठेवून देतात.

निखिल (६०४): 🙏🙏

अनघा (५०१): लेक आयफोन आणणारच असेल तर तिला आजच दोन गोष्टी सांगा. तिथले फोन कधी कधी तिथल्याच कंपनीला बांधलेले असतात. सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" असं दिसायला हवं. आणि स्वतःचं ॲपल खातं तिने त्यातून काढूनच फोन हातात द्यायचा. नशीब १३ आहे. तिथल्या १४ मध्ये सिमची खाचच नाही, सगळं ईसिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम.

माझं मत विचाराल तर सॅमसंग. बटणं तीच, चाली सहज येतील, आणि अडलात तर खाली निखिल, वर मी, दोघांकडे अँड्रॉइड. लेक अटलांटिकपलीकडे झोपलेली असते हो तुमच्या दुपारी. फेसटाइमसाठी, म्हणजे ॲपलच्या व्हिडिओ कॉलसाठी, रुसली तर ती लिंक पाठवू शकते, अँड्रॉइडवर ब्राउझरमध्ये उघडते. दुकानात मात्र माइकचं बटण दाबून मराठीत बोलून बघा. तुम्ही टाइप कमी करता, बोलता जास्त.

निखिल (६०४): खाली नाही, मी सहाव्यावर!

अनघा (५०१): हो रे बाबा, वर.

कुलकर्णी काकू (३०२): ठरलं मग. लेकीला सांगते, फोन नको, येताना ते बदाम आण. शनिवारी चार वाजता ये अनघा, जुना फोन घेऊन बसू. थालीपीठ करते.

कुलकर्णी काकू (३०२): 🎤 व्हॉइस मेसेज, ०:४८

सचिव (४०१): काकू, हे चुकून इथे आलं वाटतं.

कुलकर्णी काकू (३०२): अगंबाई! शोधताना बोट लागलं. डिलीट कसं करायचं?

सचिव (४०१): राहू द्या.

सचिव (४०१): उद्या टाकी सफाई, ९ ते १२. पाणी भरून ठेवणे.